थेंबाभोवतीची भिंत : खुशबूदार तेल कुपीत कसं कोंडतात, आणि ती कुपी कशाची असते

गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी दहा-बारा दिवस शाळेत आली नाही. डेंग्यू झाला होता. अल्हमदुलिल्लाह, बरी झाली. पुन्हा शाळेत आली तेव्हा तिची अम्मी सोबत होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "टीचर, मी तर रोज सकाळी तिच्या हातापायाला तेल लावून पाठवत होते. बाटलीवर लिहिलंय, मच्छर जवळ येत नाही म्हणून. मग असं कसं झालं?" आणि तिने पिशवीतून बाटली काढून माझ्या हातात ठेवली.

सिट्रोनेलाचं तेल होतं, खोबरेल तेलात मिसळलेलं. सिट्रोनेला म्हणजे आपल्या गवती चहाच्याच खानदानातलं एक गवत. वास चांगला होता, तेल नकली असेल असं मला वाटलं नाही. मी तिला एकच विचारलं, "किती वाजता लावायचीस?" म्हणाली, "साडेसहाला. सातची शाळा ना."

डास नेमका कुठे आणि कधी चावला हे कुणालाच सांगता येणार नाही. पण डेंग्यूचा डास दिवसा चावतो. आणि साडेसहाला लावलेलं ते तेल शाळेची घंटा होईपर्यंत बहुतेक संपलेलं असणार. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही. 2002 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या वैद्यकीय मासिकात एक तपासणी छापून आली होती. लोकांनी वेगवेगळी औषधं हाताला लावली आणि तो हात डासांच्या पिंजऱ्यात घातला. पहिला डास चावेपर्यंत किती वेळ गेला ते मोजलं. डीईईटी नावाचं रसायन 23.8 टक्के असलेल्या औषधाने सरासरी 301 मिनिटं, म्हणजे पाच तास हात वाचवला. सिट्रोनेलाच्या औषधांना सरासरी वीस मिनिटंही गाठता आली नाहीत.

म्हणजे तेलात दम नव्हता असं नाही. दम होता, पण तो उडून गेला. तो उडू नये म्हणून जगभर एक युक्ती वापरतात. तेलाचा बारीक थेंब करायचा आणि त्याच्याभोवती पॉलिमरची भिंत बांधायची. कपड्याच्या साबणात, बिस्किटात, कोंबड्यांच्या खाद्यात, शेतातल्या फवारणीत ही युक्ती आज आहे, आपल्याला दिसत नाही एवढंच. आणि त्या भिंतीबद्दल आपल्यासारख्या घरांनी दोन-तीन प्रश्न विचारायला हवेत, म्हणून हा लेख.

कागदावरचा डाग

घरी करून पाहा. वहीच्या पानावर शेंगदाण्याच्या तेलाचा एक थेंब टाका आणि थोड्या अंतरावर निलगिरीच्या तेलाचा एक. दोन्हीकडे सारखाच चकचकीत डाग पडेल. दुपारी पाहा. शेंगदाण्याचा डाग जसाच्या तसा, निलगिरीचा जवळजवळ गायब. दोघांनाही आपण तेल म्हणतो, पण जात वेगळी आहे. शेंगदाण्याच्या तेलाचा एक रेणू पन्नासहून जास्त कार्बनचा, जड, जागेवर बसून राहणारा. सुगंधी तेलातले रेणू छोटे. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, ओव्यातलं थायमॉल, लवंगेतलं युजेनॉल, पेपरमिंटमधलं मेन्थॉल, सिट्रोनेलातलं सिट्रोनेलाल, प्रत्येकात कार्बन फक्त दहा. हलके असतात म्हणून हवेत उडतात, आणि उडतात म्हणूनच आपल्या नाकापर्यंत पोचतात. जे उडत नाही त्याला वास नाही. या तेलांची खुबी आणि खोड एकच आहे.

दुसरी खोड हवेतल्या ऑक्सिजनची. लिमोनीन उघडं राहिलं की ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि जे नवे पदार्थ तयार होतात ते कातडीला खाज आणू शकतात. म्हणून अर्धी वापरून दोन वर्षं खिडकीत पडलेली सुगंधी तेलाची बाटली ताज्या बाटलीपेक्षा जास्त त्रास देऊ शकते. असली बाटली घरात असेल तर अंगाला लावू नका.

आपल्या अत्तरवाल्यांनी यावर जुना तोडगा काढला होता. कन्नौजमध्ये देगेत गुलाब किंवा मोगरा पाण्याबरोबर शिजवतात, वाफ नळीतून भपक्यात उतरते, आणि त्या भपक्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. चंदनाचं तेल जड आणि सावकाश उडणारं. ते गुलाबाच्या हलक्या रेणूंना धरून ठेवतं. म्हणून कानात ठेवलेला अत्तराचा फाया जुम्याच्या नमाजनंतरही दरवळतो आणि स्प्रेचा सेंट दुपारपर्यंत विरतो. पण चंदनाचं तेल महाग. शिवाय ते तेलाला धरतं, बंद करत नाही. बंद करायचं तर भिंतच हवी.

पुदिन्याच्या पानाने ही युक्ती आधीच केली आहे

बिर्याणीसाठी पुदिना निवडताना लक्ष दिलं आहे का? जुडी नुसती ताटात ठेवली तर वास बेताचाच येतो. पान बोटांत चुरगळलं की घर भरतं. पानाच्या पृष्ठभागावर बारीक ग्रंथी असतात. त्यांच्या डोक्यावर एक पातळ पापुद्रा ताणलेला असतो आणि त्याच्याखाली तेल साठवलेलं असतं. पापुद्रा फाटला की तेल बाहेर. तो पापुद्रा ज्या पदार्थाचा असतो त्याला क्युटिन म्हणतात, आणि क्युटिन हे पॉलिमरच आहे. आपल्या शाळेच्या पुस्तकात पॉलिमरला बहुवारिक म्हटलंय. एकाच प्रकारच्या छोट्या कड्या एकमेकींत अडकवत गेलं की लांबलचक साखळी होते, तसा पदार्थ. कापूस, लोकर, प्लॅस्टिक, डिंक, सगळी बहुवारिकं. पॉलिमर म्हटलं की मुलं लगेच "प्लॅस्टिक!" ओरडतात. ते अर्धंच खरं आहे आणि पुढे याच गोष्टीवर सगळं येऊन थांबणार आहे.

संत्र्याच्या सालीतही अशाच पिशव्या. साल दुमडून मेणबत्तीजवळ दाबली तर तुषार उडतो आणि ज्योत फुरफुरते. (हे मोठ्यांच्या देखरेखीखालीच. मागे एकदा माझ्या दुपट्ट्याचं टोक थोडक्यात वाचलं.)

पावतीपुस्तकातून सुरुवात

माणसाने हे करायला सुरुवात केली ती खुशबूसाठी नाही, पावतीसाठी. दुकानदार वरच्या पानावर लिहितो आणि मधे कार्बन पेपर न घालताही खालच्या गुलाबी पानावर अक्षरं उमटतात, ते पावतीपुस्तक तुम्ही पाहिलं असेल. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरातली नॅशनल कॅश रजिस्टर ही गल्ल्याची यंत्रं बनवणारी कंपनी. तिथले रसायनतज्ज्ञ बॅरेट ग्रीन यांनी हा कागद तयार केला आणि 1950 च्या दशकात तो बाजारात आला. वरच्या पानाच्या पाठीवर लाखो सूक्ष्म कुप्यांचा लेप असतो. कुपीत तेल, तेलात विरघळलेला एक रंगहीन पदार्थ. पेनचा दाब पडला की तिथल्या कुप्या फुटतात, तो पदार्थ खालच्या पानावरच्या खास मातीच्या थराला लागतो आणि निळा होतो. अक्षर उमटतं. शाई हवेत वाळत नाही, सांडत नाही, हवी तेव्हाच आणि हवी तिथेच बाहेर येते. हेच सुगंधी तेलाबाबत करता येईल हे कळायला वेळ लागला नाही. खरवडून वास घ्यायची स्टिकरं त्यातूनच निघाली.

ग्रीन यांची भिंत दोन पदार्थांची होती : जिलेटिन आणि अरबी डिंक. या रीतीचा शास्त्रीय अभ्यास बुंगेनबर्ग द योंग या डच शास्त्रज्ञाने 1929 च्या सुमारास केला होता आणि तिला कोअॅसर्व्हेशन असं अवघड नाव दिलं होतं. रीत मात्र स्वयंपाकघरातल्यासारखीच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

जिलेटिन कोमट पाण्यात, साधारण चाळीस-पन्नास अंशांवर विरघळवायचं. त्यात सुगंधी तेल घालून जोरात घुसळायचं. तेलाचे बारीक बारीक थेंब होतात आणि दुधासारखं पांढरं मिश्रण तयार होतं. मग अरबी डिंकाचं पाणी ओतायचं. हा डिंक बाभळीच्या जातीच्या झाडाचा, सर्वात जास्त सुदानमध्ये निघतो. अरब व्यापाऱ्यांच्या हातून युरोपात गेला म्हणून नाव अरबी. आपल्या बाळंतिणीच्या लाडवातल्या डिंकाचा चुलतभाऊ म्हणा. आता थोडं थोडं व्हिनेगरसारखं आम्ल घालत जायचं. आम्ल वाढलं की जिलेटिनच्या साखळ्यांवर धन विद्युतभार येतो, डिंकाच्या साखळ्यांवर ऋणभार असतोच. सामू चारच्या आसपास आला की दोघं एकमेकांना ओढतात, पाण्याची साथ सोडतात आणि एक दाट, चिकट रस होऊन तेलाच्या थेंबांवर जाऊन बसतात. प्रत्येक थेंबाला जणू अंगरखा मिळतो. मग मिश्रण हळूहळू गार करायचं. जेली फ्रिजमध्ये घट्ट होते तसा तो अंगरखा आळतो. घाई केली तर अंगरखे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. शेवटी भिंत पक्की करायची, नाहीतर गरम पाण्यात ती पुन्हा वितळेल. त्यासाठी कारखान्यात फॉर्माल्डिहाइड किंवा ग्लुटाराल्डिहाइड वापरतात. खाण्याच्या पदार्थात ते चालत नाही, तिथे एखादं एन्झाइम किंवा टॅनिन, म्हणजे कडक चहा ज्यामुळे तुरट लागतो त्या जातीचे पदार्थ.

कुपी किती बारीक? काही मायक्रॉनपासून काही शे मायक्रॉनपर्यंत. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. माझ्या नववीच्या मुलांना मी हिशेब घातला होता : एक मिलिलिटर तेलाचे दहा मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर किती होतील? गोलाच्या घनफळाचं सूत्र लावा. उत्तर येतं जवळजवळ 190 कोटी. अत्तराच्या छोट्या शिशीतल्या एका मिलिलिटरमधून भारताच्या लोकसंख्येपेक्षा जास्त कुप्या! एका मुलाने उत्तरात तीन शून्यं कमी लिहिली आणि शेवटपर्यंत वाद घातला की माझंच बरोबर.

कुपीतून तेल बाहेर कसं यायचं हे भिंत बांधतानाच ठरवतात. काही भिंती रगडल्यावर फुटतात, काही पाण्यात विरघळतात, काही उष्णतेने वितळतात. काही फुटतच नाहीत, त्यांच्यातून तेल पाझरत राहतं. पेपरमिंट तेलाच्या ज्या गोळ्या डॉक्टर पोटाच्या मुरड्यासाठी देतात, त्यांच्या वेष्टनाचं पॉलिमर जठरातल्या आम्लात टिकतं आणि पुढे आतड्यात विरघळतं. तेल जठरातच सुटलं तर छातीत जळजळ होते. ती गोळी काही सूक्ष्म नाही, पण तत्त्व तेच. म्हणून अशी गोळी चावून किंवा फोडून खायची नसते.

आता भिंतीची चौकशी

पाकिटावर तेलाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं. गुलाब, लव्हेंडर, लिंबू. भिंतीचं नाव कुठेच नसतं किंवा मागे बारीक अक्षरांत असतं.

पहिली भिंत जिलेटिनची. जिलेटिन झाडाचं नसतं, जनावराच्या कातडी-हाडांतून निघतं. दोन मुख्य प्रकार आहेत. आम्लाने तयार केलेलं 'ए' प्रकारचं, ते बहुतेक डुकराच्या कातडीचं असतं. चुन्याने तयार केलेलं 'बी' प्रकारचं, ते जास्त करून गायीगुरांचं. आणि वर सांगितलेल्या रीतीत 'ए' प्रकार जास्त वापरला जातो, कारण त्याच्यावर धनभार सहज येतो. गायीगुरांचं आणि माशांचं जिलेटिन वापरूनही कुप्या होतात, मात्र सामू आणि तापमान बदलावं लागतं. म्हणजे "दुसरा इलाज नाही" हे कारण कंपनीला देता येत नाही.

औषधाच्या मऊ गोळीतलं जिलेटिन आपण विचारतो, ते आता सवयीचं झालंय. पण माशाच्या तेलाची पावडर घातलेलं दूध-पेय, चव टिकवून ठेवणारं च्युइंगगम, अशा ठिकाणीही कुपीची भिंत जिलेटिनची असू शकते हे फार कमी जणांना माहीत असतं. भारतात खाद्यपदार्थावर हिरवी किंवा तपकिरी खूण छापावी लागते आणि जिलेटिन असेल तर 'प्राणिजन्य' असल्याचा उल्लेखही करावा लागतो. हिरवी खूण असेल तर जिलेटिनचा प्रश्न मिटला. तपकिरी असेल तर कुठल्या जनावराचं ते त्या खुणेवरून कळत नाही, कंपनीला लिहून विचारावं लागतं किंवा हलाल प्रमाणपत्र बघावं लागतं. पदार्थाचं रूप इतकं बदलल्यावर हुकूम बदलतो का, यावर उलेमांमध्ये मतं वेगळी आहेत. तो विषय माझा नाही, आपल्या मौलाना साहेबांना विचारा. पण विचारताना "जिलेटिन आहे" एवढंच न सांगता ए की बी, कशाचं, खाण्यात की कपड्याच्या साबणात, हे सांगा. प्रश्न नीट मांडला तर उत्तरही नीट मिळतं.

दुसरी भिंत डिंकाची किंवा स्टार्चची. झटपट सरबताची पावडर, सूपचं पाकीट, चिप्सवरचा मसाला यांतली सुगंधी तेलं बहुतेक अशी कोंडलेली असतात. डिंकाच्या किंवा माल्टोडेक्स्ट्रिनच्या पाण्यात तेल घुसळून ते मिश्रण दीडशे-दोनशे अंशांच्या गरम हवेत फवारतात. पाणी काही सेकंदांत उडतं आणि कोरडी भुकटी खाली पडते. एवढ्या गरम हवेत तेल उडून कसं जात नाही? पाणी उडताना थेंबाला थंड ठेवतं, आणि बाहेरचा थर आधी सुकून दार लावून घेतो. ही भिंत पाण्यात पडली की विरघळते, म्हणून सरबत ढवळल्याबरोबर लिंबाचा वास येतो. इथे आपल्याला घाबरण्यासारखं काही नाही.

तिसरी भिंत खऱ्या अर्थाने प्लॅस्टिकची, आणि ती आपल्या न्हाणीघरात आहे. कपडे धुतल्यावर घालायच्या त्या सुगंधी 'कंडिशनर'ची जाहिरात आठवा. टॉवेल पंधरा दिवसांनी कपाटातून काढला, झटकला, तरी वास ताजा. ती करामत बऱ्याचदा मेलामाइन आणि फॉर्माल्डिहाइड यांच्या पॉलिमरची असते. स्वयंपाकघरातल्या मेलामाइनच्या प्लेटा ज्या पदार्थाच्या, त्याच जातीची भिंत. ती कडक, पाण्याला दाद न देणारी, घासल्यावर फुटणारी. कपड्याच्या धाग्यांत कुप्या अडकून बसतात आणि टॉवेल तोंडाला पुसला की फुटतात. सगळ्याच अडकत नाहीत, उरलेल्या धुण्याच्या पाण्याबरोबर मोरीतून गटारात, तिथून नदीत आणि खाडीत. भिंत कुजत नाही. यालाच सूक्ष्म प्लॅस्टिक म्हणतात.

युरोपीय संघाने सप्टेंबर 2023 मध्ये यावर नियम केला. मुद्दाम घातलेलं, पाच मिलिमीटरपेक्षा बारीक, न कुजणारं प्लॅस्टिक मालातून काढायचं. 17 ऑक्टोबर 2023 पासून नियम लागू झाला, पण सुगंधाच्या कुप्यांना 17 ऑक्टोबर 2029 पर्यंत मुदत दिली. सहा वर्षं का? कारण साबणाच्या पाण्यात दोन वर्षं शाबूत राहील, टॉवेलवर बरोबर फुटेल आणि नदीत गेल्यावर कुजेल, अशी भिंत बनवणं सोपं नाही. टिकाऊ हवी आणि कुजणारीही हवी. या दोन मागण्या एकमेकींच्या सवती आहेत. कुजणारी, पाण्यात विरघळणारी आणि रासायनिक बदल न केलेली नैसर्गिक पॉलिमरं मात्र या बंदीतून वगळली आहेत. त्यामुळे सगळ्यांची नजर आता तिकडे लागली आहे.

त्यातलं एक आमच्या कोकणाच्या दारातलं आहे. कोलंबी सोलल्यावर जी सालं उकिरड्यावर जातात, त्यांत कायटिन नावाचं पॉलिमर असतं. सालं आधी सौम्य आम्लात धुवायची म्हणजे चुनखडी जाते, मग अल्कलीत, म्हणजे प्रथिनं जातात, आणि शेवटी तीव्र गरम अल्कलीत ठेवली की कायटोसान तयार होतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर खूप वर्षं काम केलंय. कायटोसानवर आम्लात धनभार येतो, म्हणजे जिलेटिनची जागा ते घेऊ शकतं. (शाफई घरांत कोलंबी रोजचीच. हनफी घरांत तिच्यावर जुनी चर्चा आहे, ते मला माहीत आहे. ज्यांना कोलंबीची अॅलर्जी आहे त्यांनीही हे नाव लक्षात ठेवावं.) दुसरं अल्जिनेट, समुद्रातल्या तपकिरी शेवाळातून निघणारं. तिसरं तर फार मजेदार. यीस्टच्या, म्हणजे पाव फुगवायच्या खमिराच्या पेशी आतून रिकाम्या करायच्या आणि त्यांच्या भिंतीच्या पोकळीत तेल भरायचं. कुपी बांधायलाच नको, आयती मिळते. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल आणि गुलाबात असणारं जिरॅनिऑल अशा कुपीत भरून युरोपात द्राक्षांवरच्या करड्या बुरशीवर फवारतात. या तिन्ही द्रव्यांना तिथे 2013 मध्ये परवानगी मिळाली. ऊन लागलं तरी तेल लगेच उडत नाही, पानं ओली झाली की हळूहळू बाहेर येतं, आणि बुरशीलाही ओलावाच हवा असतो. नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना यातली गंमत लगेच कळेल.

मग डासाचं काय?

सिट्रोनेला कुपीत भरून कापडावर किंवा मलमात घातलं तर ते उघड्या तेलापेक्षा जास्त वेळ टिकतं, असं प्रयोगशाळांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. पण इथे एक अडचण आहे आणि जाहिरातीत ती सांगत नाहीत. कुपी तेल वाढवत नाही. असलेलं तेल ती वेळेवर वाटून देते. महिन्याचा पगार एका दिवसात उडवायचा की तीस दिवस पुरवायचा, एवढाच फरक. आणि डास पळवायला कातडीजवळच्या हवेत तेलाचं एक ठरावीक प्रमाण लागतं. भिंत फार जाड झाली, तेल फार सावकाश पाझरलं, तर वास सहा तास येत राहील आणि डास सहा तास चावत राहील. आपल्या नाकाला जाणवतं म्हणजे डासाला पुरतं, असं नाही. म्हणून पाकिटावर 'मायक्रोकॅप्सूल' किंवा 'लॉंग लास्टिंग' शब्द दिसला तर तो वास टिकण्याबद्दल आहे की डासांपासून बचावाच्या तासांबद्दल, हे वाचा. तास लिहिलेले नसतील तर तो सेंट समजा.

त्या अम्मीला मी हेच सांगितलं, थोडक्यात. तेल लावायचं तर लाव, पण त्याच्या भरवशावर मुलीला पाठवू नकोस. पूर्ण बाह्यांचा कुर्ता, सलवार, पायात मोजे. डासांच्या दिवसांत डीईईटी किंवा पिकारिडिन हे नाव लिहिलेलं मलम, पाकिटावरच्या सूचनेप्रमाणे. (दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाला डीईईटी लावत नाहीत.) आणि टेरेसवरच्या टाकीचं झाकण, फ्रिजमागचा ट्रे, कूलर. आणखी एक गोष्ट मी तिला दोनदा सांगितली : नैसर्गिक आहे म्हणून बाटली मुलांच्या हाताशी ठेवू नकोस. निलगिरीचं किंवा कापराचं तेल लहान मुलाने प्यायलं तर त्याला आकडी येऊ शकते.

तिची मुलगी शेजारीच उभी होती. तिने विचारलं, "टीचर, आपल्याला करता येईल का अशी कुपी?"

जिलेटिनवाली रीत शाळेत जमण्यासारखी नव्हती. अल्जिनेटची जमली. केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून सोडियम अल्जिनेटची छोटी पुडी आणली. पाण्यात एक-दोन टक्के, रात्रभर भिजवून. त्यात लवंगेच्या तेलाचे काही थेंब घालून रवीने घुसळलं. दुसऱ्या वाटीत प्रयोगशाळेतल्या कॅल्शियम क्लोराइडचं पाणी. ड्रॉपरने पहिलं मिश्रण दुसऱ्यात थेंब थेंब सोडायचं. कॅल्शियम अल्जिनेटच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतं, थेंब पडता पडता गोळी होते, फालुद्यात फुगलेल्या सब्जासारखी. मुलांनी अर्ध्या तासात वाटी भरली. गोळ्या तीन-चार मिलिमीटरच्या होत्या, म्हणजे सूक्ष्म मुळीच नाही, आणि आत एक थेंब नसून बारीक बारीक थेंब विखुरलेले होते. धुऊन सावलीत सुकवल्या तर मोहरीएवढ्या झाल्या. तेवढंच तेल लावलेला कापसाचा बोळा त्यांच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही खिडकीत.

सोळाव्या दिवशी बोळ्याला जेमतेम वास होता. गोळ्यांनाही नव्हता, आणि मुलं हिरमुसली. मग त्या मुलीने एक गोळी दोन बोटांत धरून नखाने चिरडली आणि हात सगळ्यांच्या नाकाखालून फिरवला.